उरलेल्या अन्नाचा हिशेब

अल्लाहने माणसाला बहाल केलेल्या असंख्य देणग्यांपैकी अन्न ही अशी देणगी आहे, जिचा लाभ आपण दिवसातून दोन-तीन वेळा घेतो आणि कदाचित म्हणूनच जिची किंमत सर्वांत लवकर विसरतो. सूरह अल्-वाकिआमध्ये (आयत 63-64) माणसाला त्याच्या शेताकडे पाहून विचार करण्यास सांगितले आहे. बी टाकणारा हात माणसाचा असला, तरी ते उगवणारा कोण? ताटात आलेल्या एका भाकरीमागे पाऊस आहे, माती आहे, शेतकऱ्याचे कष्ट आहेत, बाजार समितीतील हमालाचा घाम आहे, कमावत्या माणसाची कारखान्यातील पाळी आहे आणि चुलीपुढे उभ्या असलेल्या गृहिणीचा वेळ आहे. ती भाकरी कचऱ्यात गेली, म्हणजे हे सर्व कचऱ्यात गेले.

आपण जेवणाच्या आरंभी ‘बिस्मिल्लाह’ म्हणतो आणि शेवटी ‘अल्हम्दुलिल्लाह’. परंतु दस्तरखान उचलल्यानंतर पातेल्यात आणि ताटात जे राहिलेले असते त्याचे पुढे काय होते? हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघराचा वाटतो. वास्तविक तो दीनचा प्रश्न आहे, कारण त्याचा संबंध कृतज्ञतेशी, शेजाऱ्याच्या हक्काशी आणि परलोकातील जाबाशी आहे.

काय उरले?

तिरमिजी या हदीससंग्रहात ह. आयेशा (रजि.) यांची एक हदीस आहे. प्रेषितांच्या घरी एक बकरी जिबह करण्यात आली आणि तिचे मांस वाटून देण्यात आले. आदरणीय प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी विचारले की, त्यातील काय उरले आहे? ह. आयेशा (रजि.) यांनी सांगितले की, खांद्याच्या भागाखेरीज काहीच उरले नाही. त्यावर प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले की, खांद्याचा भाग वगळता बाकी सर्व उरले आहे.

या छोट्याशा संवादाने ‘उरणे’ या शब्दाचा अर्थच पालटून टाकला. आपल्या हिशेबात जे घरात राहिले ते उरले आणि जे दिले ते संपले. प्रेषितांच्या (सल्ल.) हिशेबात जे भुकेल्याच्या मुखी पोहोचले ते अल्लाहपाशी जमा झाले, म्हणजे तेच खरे उरले. जे आपण खाल्ले ते संपले. मग जे ना आपण खाल्ले, ना कोणाला दिले, आणि तिसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्यात टाकले, ते कोणत्या खात्यात लिहायचे? ते या जगातही उरले नाही आणि त्या जगातही नाही. अन्नाच्या नासाडीचे खरे नुकसान ते हेच.

इसराफ आणि तब्जीर

दिव्य कुरआनने या संदर्भात दोन शब्द वापरले आहेत. पहिला शब्द ‘इसराफ’, म्हणजे योग्य गोष्टीतही मर्यादा ओलांडणे. सूरह अल्-आराफच्या 31 व्या आयतीत खाण्यापिण्याची मुभा देतानाच मर्यादा न ओलांडण्याची ताकीद दिली आहे. सूरह अल्-अनआमच्या 141 व्या आयतीत पिकांचा आणि फळांचा उल्लेख करून कापणीच्या दिवशीच त्यातील हक्क देण्यास सांगितले आहे आणि लगेच इसराफपासून रोखले आहे. दुसरा शब्द ‘तब्जीर’, म्हणजे संपत्ती निरर्थक उधळणे. सूरह बनी इस्राईलच्या 26 व 27 व्या आयतींत नातेवाईक, निराधार आणि प्रवासी यांचे हक्क सांगितल्यावर अशी उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे बंधू ठरविले आहे. या आयतींचा क्रम लक्षात घ्या. उधळपट्टीचा निषेध गरजवंताच्या हक्काला जोडून आला आहे. आपल्या घरी जे वाया जाते त्यात दुसऱ्या कोणाचा तरी वाटा असतो, हे त्यातून सूचित होते.

मात्र याचा अर्थ कंजूषपणा असा नव्हे. सूरह अल्-फुरकानच्या 67 व्या आयतीत रहमानच्या दासांचे वर्णन करताना उधळपट्टी आणि कृपणता या दोहोंमधील समतोल हेच त्यांचे लक्षण सांगितले आहे. पाहुण्याला पोटभर वाढणारा हात आणि भाताचे शीत वाया जाऊ न देणारा हात एकाच माणसाचा असू शकतो. किंबहुना तो तसाच असावयास हवा.

आणि जाब? सही मुस्लिममध्ये आहे की, प्रेषित (सल्ल.), ह. अबू बक्र (रजि.) आणि ह. उमर (रजि.) हे तिघेही भुकेने व्याकूळ होऊन घराबाहेर पडले आणि एका अन्सारी सोबत्याच्या घरी गेले. तेथे त्यांना खजूर, मांस आणि गोड पाणी मिळाले. तृप्त झाल्यावर प्रेषितांनी (सल्ल.) आपल्या सोबत्यांना बजावले की, कयामतच्या दिवशी या देणगीविषयी तुम्हाला विचारले जाईल. उपाशीपोटी घराबाहेर पडलेल्या त्या थोर व्यक्तींना एका वेळच्या जेवणाचा जाब असेल, तर भरल्या फ्रिजच्या मालकांनी काय समजावे?

आपल्या परिसराचे वास्तव

खेड तालुक्यातील निघोजे हे इंद्रायणीकाठचे गाव आज चाकण औद्योगिक पट्ट्यात सामावले आहे. महिंद्रा आणि फोक्सवॅगन यांचे वाहननिर्मितीचे कारखाने याच गावाच्या परिसरात आहेत. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि इतर राज्यांतून पोटासाठी आलेली माणसे येथे भाड्याच्या खोल्यांतून राहतात. शेजारच्या चाकणचा बाजार कांदा-बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. मुंबईच्या डबेवाल्यांपैकी अनेकांची मूळ गावेही याच खेड तालुक्यात आणि लगतच्या मावळ, आंबेगाव, जुन्नर भागात आहेत. थोडक्यात, अन्न पिकविणारा, ते बाजारात आणणारा, ते डब्यातून पोहोचविणारा आणि त्यासाठी घरदार सोडून राबणारा, असे सर्वच या मातीत भेटतात. नदीच्या पलीकडच्या बाजूला मोशी येथे पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेचा कचरा डेपो आहे. पोटाच्या मागे धावणारे शहर पोटातले काय काय फेकून देते, ते पाहायला तेथवर जावे लागते.

नासाडीचा आकडाही जाणून घेणे योग्य होईल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे 60 टक्के घराघरांतून गेले. हॉटेले आणि दुकाने यांचा वाटा त्याहून कमी होता. त्याच काळात जगात 78 कोटींहून अधिक माणसे उपासमार सोसत होती. भारतातील घरांसाठी या अहवालाचा अंदाज दरवर्षी माणशी सुमारे 55 किलो आहे. साली, हाडे असा न खाण्याजोगा भागही त्यात धरलेला आहे. तरीही पाच माणसांच्या कुटुंबासाठी हा आकडा वर्षाला 275 किलो, म्हणजे दिवसाला सुमारे पाऊण किलो होतो. यातील खाण्याजोगे किती, हे प्रत्येकाने आपल्या घरच्या डब्यात डोकावून ठरवावे.

औद्योगिक भागातील घरांत नासाडीचे एक खास कारणही आढळते. पाळ्या बदलतात, ओव्हरटाइम अचानक लागतो, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये जेवण होते, आणि घरी मात्र स्वयंपाक झालेला असतो. दोष कोणाच्या सुगरणपणाचा नसतो. न कळविल्यामुळे अन्न उरते. एक फोन वेळेवर केला, तर दोन भाकऱ्या आणि एक वाटी सालन वाचते. घरच्यांना कळविणे ही साधी गोष्टसुद्धा या हेतूने केली तर पुण्यकर्म ठरते.

उरलेले, शिळे, उष्टे आणि नासलेले

आपल्या मराठी भाषेत या विषयाचे चार शब्द आहेत आणि त्यांची गल्लत झाल्याने बरेच अन्न वाया जाते. ‘उरलेले’ म्हणजे न वाढलेले, पातेल्यातच राहिलेले. ‘शिळे’ म्हणजे वेळ उलटून गेलेले, पण खाण्याजोगे. ‘उष्टे’ म्हणजे कोणीतरी तोंड लावलेले. ‘नासलेले’ म्हणजे आंबलेले, बुरसटलेले, आरोग्यास घातक झालेले.

यांपैकी ‘उष्टे’ या शब्दाभोवती आपल्या समाजात विटाळाची कल्पना चिकटलेली आहे. इस्लामी शिकवणुकीत तिला थारा नाही. बुखारी व मुस्लिममधील हदीस आहे की, प्रेषितांनी (सल्ल.) पेय प्राशन केल्यावर उजव्या बाजूला बसलेल्या एका मुलाला विचारले की, हे आधी वडीलधाऱ्यांना दिले तर चालेल का? त्या मुलाने आपल्या वाट्याचा तो उरलेला घोट दुसऱ्या कोणालाही देण्यास नम्रपणे नकार दिला, आणि प्रेषितांनी (सल्ल.) तो पेला त्याच्याच हाती दिला. एकाच थाळीत कुटुंबाने एकत्र जेवण्याची आपली रीत याच भावनेतून आली आहे. अशा थाळीत ‘माझे उष्टे’ आणि ‘तुझे उष्टे’ असा भेद राहत नाही आणि अन्नही कमी उरते.

‘नासलेले’ मात्र वेगळे. अन्न वाचविण्याच्या नावाखाली स्वतःला किंवा इतरांना अपाय करण्याची परवानगी शरीअत देत नाही. ना स्वतः हानी सोसावी, ना दुसऱ्याची हानी करावी, हे प्रेषितांच्या (सल्ल.) शिकवणुकीतील सर्वमान्य तत्त्व आहे. तसेच पोट ही कचराकुंडी नव्हे. उरेल म्हणून भूक नसताना कोंबून खाणे हाही इसराफच होय. पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी ठेवण्याची शिकवण तिरमिजीतील हदीसमध्ये आलेली आहे.

शिळे कोणी खायचे?

आता एका नाजूक, पण महत्त्वाच्या मुद्द्याकडे वळू या. पुष्कळ घरांत शिळे अन्न वाया जात नाही, कारण ते एकच व्यक्ती खाते. ती व्यक्ती म्हणजे घरातील स्त्री. पतीला आणि मुलांना ताजी, गरम पोळी, आणि सर्वांचे आटोपल्यावर तिच्या ताटात सकाळचा भात. कधी ती आई असते, कधी सून. ‘तिला चालते’ असे म्हणून घरातील इतर मोकळे होतात.

वाचकहो, प्रेषितांचा (सल्ल.) आदर्श येथे काय सांगतो? ह. अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली दुधाच्या पेल्याची घटना बुखारीत आहे. ते स्वतः भुकेने कासावीस झाले होते. प्रेषितांच्या (सल्ल.) घरी दुधाचा एकच पेला होता. प्रेषितांनी (सल्ल.) सुफ्फामध्ये राहणाऱ्या सर्व निर्धन सोबत्यांना बोलावून घेतले. पेला एकेकाच्या हाती फिरला, सर्व तृप्त झाले, मग ह. अबू हुरैरा (रजि.) यांनी पोटभर प्राशन केले आणि सर्वांत शेवटी, उरलेले दूध, अल्लाहची स्तुती करून स्वतः प्रेषितांनी (सल्ल.) घेतले. म्हणजे जो सर्वांत आदरणीय होता, त्याच्या वाट्याला ‘उरलेले’ आले, आणि तेही त्याने स्वेच्छेने घेतले.

तेव्हा घरच्या कर्त्या पुरुषाने हा आदर्श समोर ठेवावा. शिळी भाकरी असेल तर ती आधी आपल्या ताटात घ्यावी किंवा सर्वांच्या ताटात समान वाटावी. वडिलांनी शिळे आनंदाने खाल्ले, तर मुलांना उपदेश करण्याची गरज पडत नाही. प्रेषितांनी (सल्ल.) कधीही अन्नाला नावे ठेवली नाहीत. आवडले तर खाल्ले, नाही तर सोडून दिले. एकदा घरात सालन नव्हते, केवळ सिरका होता, तेव्हा त्यांनी सिरक्याचीच प्रशंसा केली. जेथे घरचा पुरुष ‘पुन्हा तेच?’ म्हणून ताट सारतो, तेथे दुसऱ्या दिवशी गृहिणी भीतीपोटी जास्त आणि नवे शिजवते, आणि कालचे कचऱ्यात जाते. अन्नाची नासाडी अनेकदा अशा एका कपाळावरील आठीतून सुरू होते.

घरात करण्याजोगे

पहिली गोष्ट, शिजवण्यापूर्वी मोजावे. तांदूळ आणि पीठ घेण्यासाठी एक ठरावीक वाटी ठेवावी आणि जेवणारी माणसे विचारून घ्यावीत. आधी फ्रिज उघडावा, मग चूल पेटवावी.

दुसरी गोष्ट, थोडे वाढावे आणि पुन्हा मागण्याची सवय लावावी. ताट स्वच्छ करून उठणे ही सुन्नत आहे. सही मुस्लिममधील हदीसप्रमाणे अन्नाच्या कोणत्या भागात बरकत आहे हे आपल्याला ठाऊक नसते. पडलेला घासही स्वच्छ करून खाण्याची आणि तो सैतानासाठी न सोडण्याची शिकवण तेथेच आहे. शेवटचा घास टाकून देणारा कदाचित बरकतीचाच घास टाकत असतो.

तिसरी गोष्ट, उरलेले अन्न झाकावे आणि वेळेवर थंड करावे. रात्री भांडी झाकून ठेवण्याची आज्ञा बुखारी व मुस्लिममध्ये आहे. भाताबाबत विशेष सावध राहावे. शिजवलेला भात बराच वेळ उघड्यावर, उबदार राहिला, तर त्यात असे जिवाणू वाढू शकतात, ज्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून भात पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. रस्सा आणि मांसाचे पदार्थही वारंवार गरम करू नयेत, लागेल तेवढेच काढून घ्यावेत. बुरशी आलेली पोळी बुरशीचा भाग काढूनही खाऊ नये.

चौथी गोष्ट, शिळ्याला नवे रूप द्यावे. आपल्या आज्या-पणज्यांना ही विद्या चांगली अवगत होती. शिळ्या भाकरीचा कांदा घालून कुस्करा, पोळीचा गूळ-तूप घालून मलिदा, फोडणीचा भात, दहीभात, उरलेले वरण पिठात मळून थालीपीठ, थोडी-थोडी उरलेली भाजी एकत्र करून पराठे. रश्शात भाकरी चुरून खाणे तर आपल्याकडे घरोघरी चालते. अरबांचा ‘सरीद’ हा पदार्थ म्हणजे रश्शात भिजविलेली रोटीच, आणि तो प्रेषितांना (सल्ल.) प्रिय होता. शिळी भाकरी रश्शात चुरताना ही आठवण ठेवली, तर तिची लाज वाटणार नाही. 1972 च्या दुष्काळात सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस काढलेली पिढी अजून आपल्या घरांत आहे. मुलांना त्यांच्याजवळ बसवावे आणि भाकरीची किंमत त्यांच्याच तोंडून ऐकवावी.

पाचवी गोष्ट, जे खरोखरच खाण्याजोगे राहिले नाही, ते गुरांना, कोंबड्यांना किंवा पक्ष्यांना चालण्यासारखे असेल तर त्यांना द्यावे. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा मिळाल्याची हदीस आपण जाणतो. साली आणि देठ वेगळे ठेवून त्यांचे खत करावे. ओला कचरा सुक्यात मिसळून डेपोवर गेला की तो सडून दुर्गंधी आणि घातक वायू निर्माण करतो. आपल्या घरातील घाण दुसऱ्या गावाच्या उशाशी नेऊन टाकणे हे शेजारधर्मात बसत नाही.

शेजारी आणि गरजू

दोघांचे जेवण तिघांना आणि तिघांचे चौघांना पुरते, असे प्रेषितांनी (सल्ल.) सांगितले आहे. ह. अबू जर (रजि.) यांना त्यांनी उपदेश केला होता की, रस्सा करताना पाणी थोडे जास्त घालावे आणि शेजाऱ्याची आठवण ठेवावी. म्हणजे शेजाऱ्याचा वाटा उरल्यावर काढायचा नसून चुलीवर असतानाच धरायचा आहे. शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याचा हक्क आहे. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) घरी बकरी कापली गेल्यावर आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पाठविला की नाही, हे पुन्हा पुन्हा विचारत. आपल्या चाळीत जो शाकाहारी असेल त्याला शाकाहारीच पदार्थ पाठवावा आणि त्यात काय आहे ते आधी सांगावे. एकट्याने खोलीत राहून कंत्राटी काम करणारे तरुण आपल्या भिंतीपलीकडेच असतात. त्यांच्यासाठी एक डबा ही मोठी गोष्ट आहे.

देताना मात्र एक अट पाळावी. सूरह अल्-बकराच्या 267 व्या आयतीत असे खराब काही देण्यास मनाई केली आहे, जे आपण स्वतः डोळे मिटल्याखेरीज स्वीकारणार नाही. आंबलेला भात मोलकरणीच्या हाती ठेवणे हे दान नव्हे, तो आपला कचरा तिच्या गळ्यात बांधणे होय. द्यायचे तर ताजे असतानाच, झाकून, सन्मानाने द्यावे.

या बाबतीत छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) शहराचे उदाहरण समोर आहे. तेथील हारून मुकाती इस्लामिक सेंटरचे युसूफ मुकाती यांनी डिसेंबर 2015 मध्ये ‘रोटी बँक’ सुरू केली. सभासदांनी आपल्या घरच्या स्वयंपाकातून किमान दोन ताज्या पोळ्या आणि सालन आणून जमा करावे आणि गरजूंनी ते घेऊन जावे, अशी ही साधी रचना. त्याच सुमारास मुंबईच्या डबेवाल्यांनीही समारंभांतील उरलेले चांगले अन्न भुकेल्यांपर्यंत पोहोचविण्याचे काम हाती घेतले. दोन पोळ्या कोणत्या घराला जड आहेत? ज्या मोहल्ल्यात दहा घरे एकत्र येतील तेथे हे काम उभे राहू शकते.

वलीमा आणि कुर्बानी

घरात दाणा-दाणा जपणारे आपण समारंभात मात्र हात सैल सोडतो. ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, त्याचे जेवण हे सर्वांत वाईट जेवण होय, असे बुखारी व मुस्लिममध्ये आले आहे. तेथे श्रीमंतांच्या पानांत बिर्याणी तशीच पडून राहते आणि कार्यालयाच्या फाटकाबाहेर भुकेले उभे असतात. यजमानाने नेमकी संख्या आचाऱ्याला सांगावी, पदार्थांची यादी लांबवू नये आणि उरलेल्या डेगा कोण, किती वाजता, कोठे नेणार हे आदल्या दिवशीच ठरवावे. मध्यरात्री ठरविलेले दान सकाळी नासलेले असते.

कुर्बानीच्या मांसाबाबतही हेच. मदीनेत एका वर्षी गरजू लोक आल्यामुळे प्रेषितांनी (सल्ल.) तीन दिवसांहून अधिक काळ मांस साठविण्यास मनाई केली होती. अडचण दूर झाल्यावर खाण्याची, साठविण्याची आणि दान करण्याची परवानगी दिली. साठविणे वैध आहे, परंतु भोवती भूक असेल तर आधी वाटप. फ्रिजच्या तळाशी विसरून राहिलेले आणि शेवटी फेकलेले मांस हे ना खाणे, ना दान.

आजपासून एक काम करू या. सात दिवस स्वयंपाकघरात एक वही ठेवू या. जे अन्न टाकले ते किती होते आणि का टाकावे लागले, एवढेच तिच्यात लिहू या. आठव्या दिवशी सर्व कुटुंबीयांनी एकत्र बसून ती वही वाचावी. आपला हिशेब घेतला जाण्यापूर्वी आपणच तो घ्यावा, हे शहाणपणाचे. त्या वहीत शेजाऱ्याला आणि गरजूला काय दिले, यासाठीही एक पान राखून ठेवावे. कारण ह. आयेशा (रजि.) यांच्या त्या हदीसप्रमाणे, आपल्यासाठी जे खरोखर उरणार आहे, ते त्याच पानावर असेल.

सर्वशक्तिमान अल्लाह आपल्या घरांतील अन्नात बरकत देवो, आपल्याला उधळपट्टी आणि कृपणता या दोहोंपासून वाचवो आणि आपल्या देणग्यांची कदर करण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना प्रदान करो. आमीन.